बाटलीतले तीळ

१

वरच्या मजल्यावर धपकन काहीतरी पडलं, तेव्हा कहकशां कांदा चिरत होती. पाठोपाठ शिल्पाची किंकाळी आली आणि हातातली सुरी खाली ठेवायचंही विसरून ती तशीच जिना चढली. पुढे दिवसभर इमारतीत बोलणाऱ्यांनी हीसुद्धा गोष्ट सोडली नाही की बाई वर आली ती सुरी घेऊनच.

कस्तुराबाई स्वयंपाकघराच्या दारात आडव्या झाल्या होत्या. अंग घामानं निथळत होतं, आणि त्यांची सून शिल्पा सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी फरशीवर उलटी पडली होती. तिचा रंग पाहून कहकशां जागच्या जागी थिजली. निळसर हिरवा रंग होता तो.

शिल्पाचा नवरा बालाजी अर्ध्या आंघोळीतून बाहेर आला. जळकोटहून कालच आलेले कस्तुराबाईंचे दीर भुजंगराव बाहेरच्या खोलीतून धावले. दारात शेजारीपाजारी जमले. काय खाल्लं, काय खाल्लं, असं जो तो विचारत होता. शिल्पा रडत म्हणाली, “काल एकादशी होती, दिवसभर उपास. आज उठल्यापासून पोटात कायबी न्हाई. खालून आलेला चहा तेवढा प्यायल्या.”

खालून म्हणजे कहकशांच्या घरातून. दारातली सगळी तोंडं तिच्याकडे वळली.

तो चहा साधा नव्हता. हैदराबादच्या बहिणीनं, सुमय्यानं, गेल्या हिवाळ्यात तिला डब्यातून एक पांढुरकी बुळबुळीत चकती आणून दिली होती. काचेच्या बरणीत गोड कोरा चहा गार करून ओतायचा, त्यात चकती सोडायची, तोंडाला सुती फडकं बांधायचं आणि बरणी कोपऱ्यात ठेवून द्यायची. काही दिवसांत तो चहा आंबूस आणि फसफसता होतो. त्यालाच कोम्बुचा म्हणतात. चकतीला सुमय्या ‘अम्मा’ म्हणायची, कारण दर खेपेला तिच्या अंगावर नवी चकती धरते. कहकशांला या अम्माचं इतकं वेड लागलं होतं की नवरा मुज्तबा चेष्टेनं म्हणायचा, या घरात आता मला दोन सासवा झाल्या. तयार झालेला कोम्बुचा ती बाटल्यांत भरून इमारतीत वाटायची. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात तो शब्द बसत नसे, म्हणून त्यांना सरळ ‘थंड चहा’ सांगायची. कस्तुराबाईंचा त्यावर फार जीव.

बालाजीनं आईला उचललं. जिन्यावरून नेताना कस्तुराबाईंनी डोळे किलकिले केले, कहकशांकडे पाहिलं आणि काहीतरी पुटपुटल्या. शिल्पानं वाकून कान लावला.

“कळलं म्हणून राहिल्या,” ती म्हणाली. “कळलं, कळलं, असं.”

भुजंगराव मागेच होते. ते कहकशांपुढे येऊन थांबले. “वहिनीला कळलं, कुणी काय पाजलं ते,” ते म्हणाले. “आता ती बाटली काढा. पोलिसाच्या हातात देतो.”

पण वरच्या घरात शोध शोध शोधली तरी बाटली सापडली नाही.

२

कहकशां खाली आली तेव्हा तिला घरातूनच पाण्याचा आवाज ऐकू आला. मुज्तबाची खाला, म्हणजे मावशी, आबेदा मोरीत उभी होती आणि शेवटची बरणी पालथी करत होती. बाकीच्या बरण्या धुऊन ओळीनं उपड्या मांडून झाल्या होत्या. अम्माची चकती मोरीच्या जाळीवर अडकून पडली होती आणि तिच्यावर खालानं फिनेल ओतलं होतं.

“खाला, हे काय केलं?”

“मैं पहलेच बोली थी, ये चीज घर में नक्को,” आबेदाखाला म्हणाली. “अब पुलिस आयी तो क्या दिखाएगी तू?”

खालाला पहिल्या दिवसापासून ही चीज शराबच वाटत होती. फसफसतं, आंबतं, त्याला वास येतो, मग शराब नाही तर काय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. कहकशांनं मौलानांना विचारून आल्याचं सांगितलं तरी तिचं समाधान झालं नव्हतं. आज मात्र ती रागानं बोलत नव्हती. ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसानं करू नये तेच तिनं करून ठेवलं होतं. चहा निर्दोष होता हे दाखवायला आता घरात चहाच उरला नव्हता.

कहकशां खुर्चीवर बसली. मुज्तबा मिरचीच्या सौद्यासाठी धर्माबादला गेला होता. तिनं फोन लावला, तर त्यानं एवढंच सांगितलं की मी निघालो, तू दार लावून बस. त्याच्या आवाजात जी भीती होती तिनं ती जास्तच घाबरली. मग इमारतीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी आवाजातला निरोप फिरू लागला: एका बाईनं शेजारणीला बाटलीतून विष पाजलं. खाली दोघींची नावं लिहिली होती. एवढी दोन नावं वाचली की पुढची गोष्ट लोक आपापल्या मनानं भरणार, हे कळायला तिला फार हुशारीची गरज नव्हती. कस्तुराबाई गेल्या तर? पोलीस, कोर्ट हे पुढचं. त्याआधी या गल्लीत काय होईल, ते तिच्या डोळ्यांपुढे येऊ लागलं. तिला रडावंसं वाटत होतं, पण भीतीनं रडूही येईना.

दार वाजलं. खालाच्या हातातून बरणी निसटता निसटता वाचली.

दारात तळमजल्यावरच्या महामाया हटकर उभ्या होत्या. जिल्हा न्यायालयात त्यांनी उभा जन्म लघुलेखिका म्हणून काढला होता. साक्षीदारांनी बोलायचं आणि यांनी उतरवून घ्यायचं. निवृत्त झाल्या तरी इमारतीत त्यांना ‘कोर्टाच्या बाई’च म्हणत. त्यांच्या हातात अर्धा पेला कोम्बुचा होता.

“कालच्याच खेपेतला ना हा?” त्यांनी विचारलं.

कहकशांनं मान हलवली. बाईंनी पेला तिच्यासमोर संपवला आणि ओट्यावर ठेवला.

“सकाळीही प्यायले होते. मला काही झालं नाही. बाकी चार घरांत विचारून आले, तिथेही कुणाला काही नाही. म्हणजे जे झालं ते तुझ्या बरणीत झालेलं नाही. बाटली तुझ्या दारातून बाहेर पडल्यावर झालं.” त्या खुर्ची ओढून बसल्या. “आता काल काय काय झालं ते सांग. आणि आठवून आठवून सजवू नको. जसं झालं तसं.”

३

कहकशांनं सांगितलं. यंदाच्या उन्हानं चहा लवकर आंबला होता. नेहमीपेक्षा जास्तच आंबट झाला होता, म्हणून रविवारपर्यंत न थांबता तिनं काल, शुक्रवारी दुपारीच बाटल्या भरल्या. भरताना लाकडी चमचा आणि काचेचं नरसाळंच वापरलं. धातू अम्माला लागू द्यायचा नाही असं सुमय्यानं बजावलं होतं. प्रत्येक घराच्या बाटलीच्या गळ्याला वेगळ्या रंगाचा दोरा होता, म्हणजे बाटल्यांची अदलाबदल होऊ नये. कस्तुराबाईंचा पिवळा.

“वर कुणी नेली?”

कहकशांची नजर मोरीकडे गेली. मग हळूच म्हणाली, “खालांनी.”

बाईंनी आबेदाखालाकडे पाहिलं. जी बाई या चहाला हात लावायला तयार नसते, ती बाटली घेऊन जिना चढते, हे कहकशांलाही आत्ता पहिल्यांदाच विचित्र वाटलं. काल घाईत तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. खाला भांडखोर होती, पण विष घालणारी? तिनं तो विचार झटकला. तो गेला नाही.

खालानं पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगितलं की तिला कस्तुराबाईशी दोन शब्द बोलायचे होते, म्हणून गेली. दोघींची रोज संध्याकाळी जिन्यात बैठक असायची. एकीचे गुडघे आणि दुसरीची सून यांवर. काल मात्र वर पाहुणे होते, म्हणून बाटली दारातच शिल्पाच्या हातात देऊन ती परत आली. बाहेरच्या खोलीत भुजंगराव होते. त्यांच्या पायाशी पिशवी होती.

“आणि त्यानंतर बाटली कुणी पाहिली?” बाईंनी विचारलं.

बाईंची नजर स्वयंपाकघरातून सावकाश फिरू लागली. डाळींचे डबे, मसाल्यांचे डबे, वरच्या फळीवर काचेच्या बरण्या. त्या उठल्या आणि फळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“हे काय आहे?”

बरण्यांच्या मागे एक बाटली होती. तोंडापर्यंत पांढऱ्या तिळांनी भरलेली. तिच्या गळ्याला पिवळा दोरा होता.

सकाळपासून अख्खी इमारत जी बाटली शोधत होती, ती तिच्याच घरात, तिच्याच फळीवर, बरण्यांच्या आड होती. पुरावा लपवला असं म्हणायला आता कुणाची जीभ अडखळणार होती?

तेवढ्यात दारावर थाप पडली आणि भुजंगरावांचा आवाज आला. हवालदार दवाखान्यात पोचलाय, वहिनीचा जबाब झाला की इकडंच येतोय, असं बाहेरूनच सांगून ते वर गेले.

४

“मीच ठेवली ती,” आबेदाखाला भिंतीला टेकून म्हणाली. “कल शाम को. कस्तुरा खुद आयी थी.”

काल मगरिबच्या नमाजाआधी, देवळात जाता जाता, कस्तुराबाई दाराशी थांबल्या होत्या. तुमची बाटली घ्या म्हणाल्या. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही त्यांची जुनी रीत. कधी शेंगदाणे, कधी ज्वारीच्या लाह्या. काल तीळ होते. खालानं बाटली फळीवर सारली आणि नमाजाला बसली. सकाळी सगळे बाटली बाटली करू लागले, तेव्हा तिला ती आठवली आणि बोलायची हिंमत झाली नाही.

कहकशांला वाटलं, हे ऐकून बाई कपाळाला हात लावतील. बाईंनी बाटलीचं झाकण काढलं, तळहातावर थोडे तीळ घेतले आणि बोटानं पसरले. तीळ सुटे होते. एकही दाणा काचेला चिकटला नव्हता.

“चल वर,” त्या म्हणाल्या. “बाटली घे.”

“बाई, वर नको. ते बाटली पाहतील तर...”

“पाहू दे. लपवलेली वस्तू दुसऱ्यानं काढली की ती तुझ्यावर उलटते.”

जिन्याच्या पायऱ्या कहकशांला कधी एवढ्या लांब वाटल्या नव्हत्या. वर भुजंगरावांनी बाटली पाहिली आणि त्यांचा आवाज चढला. हिच्याच घरात निघाली ना, असं ते सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले. बाईंनी त्यांना बोलू दिलं. कोर्टात त्यांनी याहून मोठे आवाज ऐकले होते. मग त्या म्हणाल्या, “भुजंगराव, तुमच्या पिशवीत काय आहे?”

शिल्पानं मान खाली घातली.

नेमका तेव्हाच शिल्पाचा फोन वाजला. दवाखान्यातून बालाजी बोलत होता. आईचा जीव अजून धोक्यात होता. उलटीचा रंग बघून डॉक्टरांचा अंदाज होता की पोटात तांबं गेलंय, मोरचूदासारखं काहीतरी. शिल्पानं ते मोठ्यानं सांगितलं आणि तिची नजर आपोआप पिशवीकडे गेली. सगळ्यांचीच गेली.

पिशवीत मोरचूदच होता. मोसंबीच्या झाडांच्या बुंध्याला लावायला चुन्यात कालवतात तो निळा खडा. भुजंगरावांचा चेहरा उतरला. वहिनीची सही झाल्याशिवाय बांधालगतची जमीन त्यांच्या नावावर होत नव्हती आणि याच कामासाठी ते काल आले होते, ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. पण ते एकटेच अडकले असंही नव्हतं. बाटली घेतली शिल्पानं, सासूशी रोज खटके उडायचे शिल्पाचे, आणि पिशवी रात्रभर तिच्याच घरात होती. भुजंगराव शिल्पाकडे पाहत होते, शिल्पा त्यांच्याकडे. मघापर्यंत ज्या नजरा कहकशांवर होत्या त्या आता एकमेकांवर रोखल्या होत्या, आणि तिला त्यात सुटल्यासारखं काही वाटेना. तिला आणखीच भीती वाटली.

बाईंनी पिशवी उचलून पाहिली. आतली पुडी कारखान्याच्या शिलाईनं बंद होती. एकही टाका उसवलेला नव्हता. त्यांनी ती जागेवर ठेवली.

“शिल्पा,” त्या म्हणाल्या, “सकाळी सासूबाई काय म्हणाल्या ते पुन्हा सांग. अर्थ सांगू नको. कानावर जे पडलं ते सांग.”

“कळलं म्हणल्या. दोनदा.”

“कळलं, असंच? एका दमात?”

शिल्पानं डोळे मिटले. “अडखळल्या जरा. उलटी येऊन राहिली होती. कळ... कलं. असं काहीतरी. कळकलं.”

भुजंगरावांनी झटकन मान वर केली.

५

“तुम्हाला माहीत आहे हा शब्द,” बाई त्यांना म्हणाल्या.

“हाव,” भुजंगराव हळू आवाजात म्हणाले. “आमची माय म्हणायची. पितळंत न्हाईतर तांब्यात ताक ठिवलं की कळकतं. कल्हई नसली की आंबट काय बी कळकतं. हिरवं पडतं. मग ते जनावराला बी घालत न्हाईत.”

शिल्पाला तो शब्द ठाऊक नव्हता. तिच्या जन्मापासून घरात स्टीलच होतं. न कळलेल्या शब्दाच्या जागी तिनं कळणारा शब्द ऐकला, आणि त्या एका शब्दावर सकाळपासून एका बाईला खुनी ठरवणं चाललं होतं.

बाई म्हणाल्या, “बाटली काल संध्याकाळी परत गेली. नुसती रिकामी नाही, धुऊन कोरडी करून. तीळ सुटे आहेत, म्हणजे दुपारीच धुतली आणि उन्हात वाळवली. कस्तुराबाई प्यायल्या आज सकाळी. मग रात्रभर चहा कशात होता?”

बाई शिल्पाकडे वळल्या.

“त्या पाणी कशातून पितात, शिल्पा?”

शिल्पा आत गेली आणि तांब्या घेऊन आली. कस्तुराबाईंचा माहेरचा, जाड तांब्याचा. तो त्यांच्या उशाशी असायचा आणि दुसरं कुणी त्याला हात लावत नसे. बाईंनी तो खिडकीपाशी नेऊन कलता धरला. गळ्यापासून खाली थोडं अंतर आतला धातू काळपट होता. मग एक सरळ रेघ होती. त्या रेघेच्या खाली तांब्या चिंचेनं घासल्यासारखा लख्ख गुलाबी होता.

“मी घासलेला न्हाई,” शिल्पा म्हणाली.

“कुणीच घासला नाही. रात्रभर आंबट उभं राहिलं, तिथवर त्यानं तांबं खाल्लं. एरवी त्या बाटलीतला चहा तांब्यात ओतायच्या आणि लगेच प्यायच्या, म्हणून कधी काही झालं नाही. काल ओतला, पण एकादशीला दुसऱ्याच्या घरचं चालत नाही. म्हणून सकाळवर ठेवला. सकाळी उपाशीपोटी, वरून धार धरून, घटाघटा प्यायल्या. चव जिभेला लागेपर्यंत सगळा पोटात गेला होता. आणि चव लागल्यावर त्यांना जे समजलं, तेच त्या जिन्यात सांगत होत्या.”

“पर वहिनीला एवढं कळत होतं, तर आंबट तांब्यात ठिवलंच कसं?” भुजंगराव म्हणाले.

उत्तर कहकशांकडे होतं. “मी त्यांना चहा म्हणून सांगितलं होतं,” ती म्हणाली. “एरवी गोडीत आंबूसपणा जाणवायचा नाही. आंबट आहे असं मी कधी म्हटलंच नाही.”

शिल्पानं बालाजीला फोन लावला. नक्की काय आणि कसं पोटात गेलंय ते समजल्यावर डॉक्टरांचं काम सोपं होणार होतं. भुजंगराव खाली बसले. मघाशी चढलेला आवाज आता कुठे ठेवावा हे त्यांना समजत नव्हतं. पोरी, मी तोंडाला येईल ते बोललो, एवढं ते म्हणाले.

कहकशां बाईंबरोबर जिना उतरू लागली. भीती ओसरत होती, तसा तिच्या मनात एक साधा प्रश्न उरला होता.

“बाई, पण त्या तांब्यात ओतायच्या कशाला? बाटलीतूनच का नाही प्यायच्या?”

बाई दोन पायऱ्या तशाच उतरल्या. मग थांबल्या.

“माझ्याकडून भाजीची वाटी जाते ना वर,” त्या म्हणाल्या, “ती आधी त्यांच्या पातेल्यात रिकामी होते. मग वाटी धुऊन, काहीतरी घालून परत येते. भाजी चालते, वाटी चालत नाही. बाटली त्याच दिवशी परत आली असं खालांनी सांगितलं, तेव्हाच मी समजले. हे ओळखायला मला कोर्टातली नोकरी लागली नाही.”

कहकशांनं कठड्याला हात धरला. किती महिने ती त्या पिवळ्या दोऱ्याच्या बाटलीची वाट पाहायची, त्यात आज काय येतंय म्हणून. शेंगदाणे आले की तिला माया वाटायची. ती माया होतीच, खोटी नव्हती. पण तिच्या आधी, बाटली हातात आल्या आल्या, दुसरं काहीतरी घडत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

६

संध्याकाळपर्यंत मुज्तबा आला आणि कस्तुराबाईंचा धोकाही टळला. डॉक्टर लेनमधल्या त्या दवाखान्यात खाटेभोवती मंडळी उभी होती. हवालदार वही उघडून बसला होता. महामायाबाई खिडकीशी बाहेर बघत उभ्या होत्या. त्यांनी इथे काहीच सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्यानंच सांगावं असं त्यांचं म्हणणं होतं.

कहकशां दाराशी उभी होती. कस्तुराबाई काय सांगतील यावर अजून सगळं अवलंबून होतं. चहानंच झालं, एवढं म्हणून त्या थांबल्या असत्या, तर ते खोटंही ठरलं नसतं आणि गल्लीला तेवढं पुरलं असतं.

“चहा कुणी दिला?” हवालदारानं विचारलं.

“हिनं,” कस्तुराबाई म्हणाल्या. आवाज खोल गेला होता. “पर लिहून घ्या, सायेब. हिच्या बाटलीतनं प्याले असते तर मला काय बी झालं नसतं. मीच तांब्यात वतला. रातभर ठिवला. कळकला.”

“बाटली असताना तांब्यात का ओतला?”

बालाजी म्हणाला, आई दमलीय, नंतर विचारा. कस्तुराबाईंनी त्याला हातानं गप्प केलं. त्यांनी कहकशांकडे बघितलं आणि मग नजर न वळवता बोलल्या.

“हिच्या भांड्याला तोंड लावायचं न्हाई म्हणून. हिला लेक म्हणायचे, हिच्या हातचं मला गोड लागायचं. पर भांडं माझंच पाहिजे. तिकडं त्या उभ्या हायेत ना खिडकीपाशी, त्यांच्या बी वाटीचं तसंच. लई जुनी खोड हाय. मरायला लागले तरी सांगायची लाज वाटून राहिली होती. आज न्हाई सांगितलं तर ही पोर फुकट मरंल.”

हवालदारानं यातलं किती लिहून घेतलं कोण जाणे. त्यानं वही मिटली आणि तो गेला. खिडकीतल्या बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

दिवसभराची भीती गेल्यावर आपल्याला हलकं वाटेल, असं कहकशांला वाटलं होतं. तसं झालं नाही. तिला लागलं होतं, आणि ते कुठे ठेवावं हे तिला सुचत नव्हतं. ती जायला वळली.

“पोरी, तोंड कोरडं पडलंय. पाणी हाय का?”

शिल्पा लगबगीनं स्टीलचा पेला घ्यायला गेली. कस्तुराबाईंनी मान हलवून तिला थांबवलं. त्या कहकशांच्या पिशवीकडे बघत होत्या. पिशवीतून पाण्याची बाटली डोकावत होती, घरून आणलेली.

कहकशांचा हात लगेच पुढे झाला नाही. मुज्तबानं तिच्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं तिनं बाटली काढली, झाकण उघडलं आणि पुढे केली. कस्तुराबाईंनी ती दोन्ही हातांनी धरली. आयुष्यभर वरून धार धरून पिणाऱ्या त्या बाईनं बाटलीला ओठ लावले आणि सावकाश, घोट घोट करत सगळं पाणी संपवलं. थोडं हनुवटीवरून ओघळलं, ते शिल्पानं पुसलं.

मग त्यांचा एक हात सवयीनं उशाशी चाचपू लागला. काहीतरी हवं होतं, एखादं फळ, मूठभर काहीतरी, बाटलीबरोबर द्यायला. उशाशी काहीच नव्हतं. हात थांबला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आज रिकामीच घिऊन जा. घरच्याला कुणी भरून देतं व्हय?”

कहकशांनं बाटली घेतली. झाकण लावता लावता सकाळपासून पहिल्यांदाच तिला रडू आलं.